ह्यांची मूत्रपिंडं

आमच्या दुकानात माणसांची औषधं मिळत नाहीत. पाटीवर कुत्र्याचं आणि मांजराचं एवढं मोठं चित्र काढलंय, तरी रोज कुणीतरी खोकल्याचं औषध मागायला येतंच. मी त्यांना सांगते, "भुंकत असाल तर देते." किडनीकाकांना हे आवडायचं नाही. ते गिऱ्हाइकाबरोबर दारापर्यंत जायचे, पलीकडच्या गल्लीतलं माणसांचं दुकान दाखवायचे आणि परत येऊन माझ्याकडे बघायचे. रागवायचे नाहीत, नुसते बघायचे. त्यापेक्षा चार शब्द सुनावलेले परवडले असते.

किडनीकाका हे नाव मीच ठेवलेलं. जनावरांच्या दवाखान्यासमोर आमचं दुकान. आत भिंतीला ओळीनं कपाटं आणि एकेक कपाट एकेकाकडे. माझ्याकडे जंत, पिसवा आणि गोचीड. तेव्हा माझ्या माघारी मला काय म्हणत असतील ते तुम्हीच ओळखा. काकांकडे शेवटचं, मोरीला लागून असलेलं कपाट. मूत्रपिंडं, मूत्राशय, मुतखडे, लघवीचं जे काही बिघडतं ते सगळं. ते कपाट कुणाला नको असायचं. औषधं अवघड नाहीत हो, गिऱ्हाईक अवघड. चांगली शिकलेली माणसं यायची आणि खाली बघून म्हणायची, "त्याला ना, जरा होत नाहीये." आता काय होत नाहीये? शी की शू? हे तोंडावर विचारावं लागतं. काकांच्या आधी जो होता तो विचारायला लाजायचा आणि अंदाजानं औषध काढून द्यायचा. तो कसा टिकणार?

काका कामाला आले तेव्हा मालकांनी विचारलं होतं, "लघवीबद्दल बोलायला लाज वाटत नाही ना?" काका म्हणाले, "तिची नाही वाटत. बाकी सगळ्याची वाटते." मालक हसले. त्यांना वाटलं गंमत केली. गंमत नव्हती, हे मला पुढे कळलं.

लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावंडांचं करता करता राहून गेलं, असं त्यांची बहीण सांगायची. भावंडं आपापल्या संसाराला लागली. बहिणीचा सुट्टीच्या दिवशी फोन यायचा. "जेवलास का? बरं आहे ना सगळं? ठेवते मग." झालं, संपलं. एकदा काका तापानं पडले तेव्हा मी त्यांच्या खोलीवर गेले होते. खोली लख्ख होती. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची, आणि खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत. मी बसायला म्हणून ती उचलली तर खाली खुर्चीची गादी नवी कोरी, रंग जसाच्या तसा. म्हणजे त्या खुर्चीवर कधी कुणी बसलंच नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला. का आला ते सांगता येत नाही, पण आला. मी म्हटलं, "एखादं मांजर तरी पाळा." तर म्हणे, "ह्या कपाटासमोर उभं राहून कोण पाळेल?"

त्यांच्या एका कानाला कमी ऐकू यायचं. म्हणून दुकानाच्या फोनचा आवाज त्यांनी एवढा वाढवून ठेवलेला की पलीकडचं माणूस काय बोलतंय ते दारातल्या कुत्र्यालाही कळावं. मी हे सगळं सांगू शकते ते त्यामुळेच. कान लावून ऐकत होते असं कुणी समजू नये.

तर एक दिवस सकाळी फोन आला. बाईंचा आवाज, जरा वयस्कर, घाबरलेला, पण शब्द अगदी स्वच्छ. "अहो, ह्यांना कालपासून लघवी होत नाहीये. सारखे जाऊन बसतात, कुंथतात आणि तसेच परत येतात. काही गोळी आहे का?"

काका म्हणाले, "बाई, आमच्याकडे माणसांचं औषध नसतं. ह्यांना ताबडतोब दवाखान्यात न्या. लघवी अडणं चांगलं नाही."

"पण दवाखान्यात ह्यांना आवडत नाही. डॉक्टरांना चावतात."

दुकानात आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. काकांनी सावकाश विचारलं, "ह्यांचं वय काय?"

"अकरा."

मी हसून हसून काउंटरवर डोकं टेकलं. काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. "बोका आहे का?" ते म्हणाले. "बाई, मिनिटभरही थांबू नका. गोळीनं काही होणार नाही, नळी घालावी लागेल. आतल्या आत विष चढतं. आमच्या समोरच्या दवाखान्यात या, मी सांगून ठेवतो." आणि फोन ठेवून ते खरंच रस्ता ओलांडून पळाले. काकांना पळताना मी त्या आधी कधी बघितलं नव्हतं.

थोड्या वेळानं शेजाऱ्याच्या गाडीतून त्या बाई आल्या. पांढरे केस, हातात झाकणाची टोपली, पाय दुखत असावेत, कारण पायरी चढताना थांबल्या. काका आमच्या दारात उभे राहून बघत होते. मी म्हटलं, "जा ना, ओळख द्या." ते म्हणाले, "कशाला? डॉक्टर आहेत की." बोका वाचला. त्या बाईंना काकांनी बघितलं ते तेवढंच, रस्त्याच्या ह्या बाजूनं.

दोन दिवसांनी आभार मानायला त्यांचा फोन आला आणि मग त्या 'ह्यां'चा उलगडा झाला. बाई शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त. मुलगा दूर कुठेतरी. नवरा आणि बोका दोघांची एकच आवडती खुर्ची आणि दोघांचा एकच स्वभाव. हाक मारली की उठायचं नाही, जेवायला वाढलं की वास घेऊन नाक मुरडायचं. त्या दोघांनाही 'हे' म्हणायच्या, नवऱ्याला चिडवायला. "मग ते गेले," बाई म्हणाल्या, "आणि हे राहिले. आता इतक्या वर्षांची जिभेला सवय. 'हे' म्हणायला कुणीतरी लागतं हो."

काका रिसीव्हर धरून उभे राहिले. मग म्हणाले, "ह्यांना पाणी भरपूर द्या."

नळीनं बोक्याचा जीव वाचला, पण मूत्रपिंडांना जो फटका बसायचा तो बसला होता. रक्त तपासलं त्यात ते कळलं. हा आजार बरा होत नाही. मूत्रपिंड एकदा गेलं की गेलं, उरलंय तेवढ्यावर गाडी ओढायची. काकांचं निम्मं कपाट ह्या गाडी ओढण्यासाठीच आहे. बाईंना पायांमुळे येणं जमायचं नाही, म्हणून औषध घरपोच जायचं आणि दर आठवड्याला फोन व्हायचा. आधी बाई करायच्या. पुढे पुढे त्यांनी केला नाही तर काका करायचे. "औषध संपत आलं असेल, म्हणून केला," म्हणायचे. औषध महिन्याचं पाठवलेलं असायचं.

पहिल्यांदा पावडर आली. जेवणात मिसळायची, म्हणजे अन्नातला जो क्षार मूत्रपिंडांना झेपत नाही तो पोटातच बांधला जातो. "ह्यांनी खाल्ली का?" "कसली खातात! वास आला की पंजानं माती उकरल्यासारखं करतात, जसं काही मी घाण वाढलीय." "माशाच्या पाण्यात कालवून बघा." मग पुढच्या आठवड्यात, "खाल्ली हो! ताट चाटलं." आणि काका दुकानभर सांगत फिरायचे, ह्यांनी पावडर खाल्ली. जसा काही बोका बोर्डात आला.

आम्ही त्यांना सोडतोय थोडंच? फोन वाजला की मी ओरडायचे, "काका, ह्यांच्या घरून!" काका लाल व्हायचे, पण फोन दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचे नाहीत. बोलणं बोक्याचंच असायचं. किती वेळा लघवी झाली, वजन किती, तोंडाला वास येतो का. पण त्यातून कुठे कुठे दुसरं काही निघायचं. बाई सांगायच्या, आज कुणीच आलं नाही, तर दिवसभरात पहिला शब्द मी तुमच्याशीच बोलतेय. काका म्हणायचे, माझंही तसंच आहे. आम्ही चौघं त्यांच्याबरोबर दिवसभर बडबडत असायचो, ते कशात जमा नव्हतं का, असं मी त्यांना विचारणार होते. नाही विचारलं.

एकदा बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे घरी कोण असतं?" काका म्हणाले, "कुणी नाही. माझ्या घरी हे, ते, ही, ती, काहीच लागत नाही. नुसतं 'मी' लागतं, तेही बोलायला नाही." बाई म्हणाल्या, "अगं बाई." एवढंच. पण तेवढ्यावर काका आठवडाभर खूश होते.

मला हे दिसत होतं आणि पुढचंही दिसत होतं. कारण कपाट त्यांचं होतं, पण आम्हालाही त्यातलं थोडं कळतं. पावडरीनंतर रक्तदाबाची गोळी आली. मग कातडीखाली सलाईन लावायचं आलं. बाई ते फोनवर काकांकडून शिकल्या. मानेमागची कातडी तंबूसारखी उचला, सुई आडवी धरा, आणि तोपर्यंत ह्यांच्याशी बोलत राहा. मग ओकारी थांबवायची गोळी आली. प्रत्येक नवं औषध म्हणजे एक पायरी खाली, हे काकांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? ही मूत्रपिंडं चालताहेत तोवर फोन वाजणार. ती थांबली की बाईंनी आमच्या दुकानात फोन करायचं कारणच संपलं. नवं औषध बांधून देताना काका ते पुडकं उगाच हातात धरून उभे राहायचे. डोळ्यांत तेल घालून त्यांनी त्या बोक्याला जपलं, रस्त्याच्या ह्या बाजूनं, न बघता.

मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, बोक्याचं निमित्त कशाला पाहिजे? जा ना एकदा घरी, भेटून या. दोघं म्हातारी माणसं, चहा प्या." काका म्हणाले, "जाऊन काय सांगू, कशाला आलो?" मी म्हटलं, "सांगा, आलो." त्यांनी असा काही चेहरा केला की जसं काही मी त्यांना विमान चालवायला सांगितलं होतं.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. सकाळीच नव्या मालाची खोकी आली होती आणि काकांनी त्यातलं एक मलम आपल्या कपाटात लावलं होतं. मांजराच्या कानाला आतून चोळायचं, त्यानं भूक लागते. कधी येतंय म्हणून ते त्याची वाटच बघत होते. आणि फोन वाजला.

"डॉक्टर घरी येऊन गेले," बाई म्हणाल्या. आवाज सरळ होता, फळ्यावर गणित मांडल्यासारखा. "म्हणतात, आता इंजेक्शन देऊन झोपवू या. मी त्यांना म्हटलं, थांबा, मी आधी दुकानातल्या काकांना विचारते. तुमच्याकडे आणखी काही आहे का? तुम्ही म्हणाल तसं करते."

काकांनी कपाटाकडे बघितलं. मीही बघितलं. मलमाचं डबडं पुढेच होतं.

"खातात का?"

"नाही."

"पाणी?"

"भांड्याशी जाऊन बसतात. पीत नाहीत."

"तुम्ही हाक मारल्यावर मान वळवतात?"

बाई मग म्हणाल्या, "भिंतीकडे तोंड करून बसतात. खुर्चीवर चढवत नाही आता."

काकांनी डोळे मिटले. म्हणाले, "औषध आहे. खोटं कशाला सांगू? आजच आलंय. लावलंत तर चार दिवस खातील, कदाचित आणखी थोडे. पण ते तुमच्यासाठी होईल. आणि..." इथे ते अडखळले. दुकानात आम्ही सगळे आहोत हे ते विसरले असावेत. "आणि माझ्यासाठी होईल. तुमचा फोन येतो म्हणून. ह्यांच्यासाठी नाही होणार. जाऊ द्या त्यांना."

मग बाई म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.

काकांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि हात धुवायला मोरीकडे गेले. आले तेव्हा तोंडही धुतलेलं होतं. तोवर मी ते मलमाचं डबडं मागे सरकवलं होतं. पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी मुतखड्याचं औषध दिलं, नीट समजावून दिलं.

त्यानंतर फोन नाही. पहिले काही दिवस घंटा वाजायच्या आतच काकांचा हात रिसीव्हरवर असायचा. मग हळूहळू तो हात मागे राहायला लागला. मी म्हटलं, "तुम्ही करा." "कशाबद्दल करू?" "कशी आहात, म्हणून." ते म्हणाले, "ते विचारायचं कपाट माझ्याकडे नाही." आणि जरा वेळानं, खालच्या आवाजात, "मी त्या दिवशी बोलू नये ते बोललो. त्यांचं माणूस चाललं होतं आणि मी मधे माझं घोडं दामटलं. आता कुठल्या तोंडानं करू?" मी त्यांना वेडे म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, मालकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. त्यांनी फक्त बघितलं.

थंडी गेली, उकाडा सुरू झाला. एक दिवस काकाच फोनजवळ होते म्हणून त्यांनी उचलला.

"मी बोलतेय," बाई म्हणाल्या.

काका ताठ उभे राहिले. "बोला."

"आमच्याकडे पिल्लू आणलंय. दोन महिन्यांचं आहे. जंताचं औषध हवं होतं."

"बोका की मांजरी?"

"मांजरी."

"छान," काका म्हणाले. "मांजरींची लघवी सहसा अडत नाही." मग कपाळावरचा घाम पुसला. "जंताचं दुसरीकडे असतं. देतो हं मी त्यांच्याकडे." आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

मी हात मागे घेतले. खुणेनं म्हटलं, तुम्हीच बोला, गोळी कुठली ते मी सांगते. ते मान हलवत राहिले. रिसीव्हर माझ्या काउंटरवर ठेवला आणि आत, सलाईनची खोकी होती तिथे, निघून गेले. शेवटी घेतला मी. वजन विचारलं, औषध कसं द्यायचं ते सांगितलं. बाई हो हो म्हणत होत्या, पण लक्ष नव्हतं. मग म्हणाल्या, "ते काका कुठे गेले? खरं सांगू का, जंताचं औषध आमच्या कोपऱ्यावरही मिळतं. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. त्या दिवशी ते जे म्हणाले ना, त्यावर मी काही बोललेच नाही. नुसतं 'बरं' म्हटलं."

मी रिसीव्हर काउंटरवर ठेवून आत गेले. काका खोक्यावर बसले होते. फोनचा आवाज तिथपर्यंत येत होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "उठा. तुमच्यासाठीच केलाय फोन. ऐकलंत ना? उठा आता, नाहीतर मी तुम्हाला ओढत नेईन." खरंच नेलं असतं.

ते उठले नाहीत. "ऐकलं," म्हणाले. "पण मला काय येतं सांग. आजारात काय द्यायचं, ते येतं. काही झालेलं नसताना माणसाशी कसं बोलायचं, ते मला येत नाही. आता शिकायचं वय आहे का?" मग हाताची पाठ डोळ्यांना लावून म्हणाले, "आणि त्या पिल्लाची मूत्रपिंडं काही दहा-बारा वर्षं बिघडत नाहीत. तोवर मी कुठला असायला?"

मला खोटं बोलता येत नाही. मी फोनवर जाऊन सांगितलं, "आहेत. आत बसलेत. येत नाही म्हणतात." बाई म्हणाल्या, "बरं." मग गोळ्या कोपऱ्यावरूनच घेईन म्हणाल्या आणि फोन ठेवला.